बाजार भरतो तिथेच गाव जाते

सध्या खेडोपाडी शेतीची निम्मी बोलणी मोबाईलवरच होऊ लागली आहेत. कांद्याचा आजचा भाव, उद्याच्या पावसाचा अंदाज, कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा फोटो, महाडीबीटीची निवड, ग्रामसभेची नोटीस, इतकेच काय, दहाव्याचा निरोपसुद्धा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतो. एकाच गावात ग्रामपंचायतीचा ग्रुप वेगळा, सोसायटीचा वेगळा, दूध संस्थेचा, शेतकरी गटाचा, बचत गटाचा आणि भावकीचा तर असतोच असतो.

या ग्रुपबद्दल शेतकरी मेळाव्यात हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, व्हॉट्सॲपवरचं आपलं सगळं कंपनीला कळतं म्हणतात. माहिती जपणारी दुसरी ॲप फुकट मिळतात म्हणतात. मग गाव तिकडं का जात नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र ॲपच्या गुणदोषांत फारसे सापडत नाही. ते आपल्या एकत्र राहण्याच्या रीतीत सापडते.

पाकीट बंद, पत्ता उघडा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हॉट्सॲपवर दोन माणसांत किंवा ग्रुपमध्ये पाठवलेला मजकूर वाटेत कोणालाही वाचता येत नाही, कंपनीलाही नाही. एप्रिल २०१६ पासून प्रत्येक निरोपाला कुलूप लागते आणि त्याची किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या फोनमध्ये असते. विशेष म्हणजे या कुलपाची घडण 'सिग्नल' ॲप बनवणाऱ्या मंडळींचीच आहे.

मग अडचण कुठे आहे? पोस्टाचे उदाहरण घेऊ. पाकीट चिकटवलेले असले की पोस्टमन आतले पत्र वाचू शकत नाही. पण पत्र कोणाचे, कोणाला, आठवड्यातून किती वेळा, हे त्याला पाठ असते. सावकाराचे पत्र कोणत्या घरी येते आणि वकिलाचे कोणत्या घरी, एवढ्यावरून त्या घरातले बरेच काही कळते. व्हॉट्सॲपचे तसेच आहे. तुमचा नंबर, तुम्ही परवानगी दिली असेल तर फोनमधील नंबरांची यादी, तुम्ही कोणाशी केव्हा बोलता, कोणत्या ग्रुपमध्ये आहात, फोन कोणता आहे, ही बाहेरची माहिती कंपनीकडे जाते. ही कंपनी २०१४ साली फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेतली. फेसबुकचे नाव २०२१ मध्ये मेटा झाले. मेटाचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे आणि कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती जाहिरात दाखवायची हे ठरवायला माहिती लागते. फुकट दिसणाऱ्या मालाची किंमत अशी वसूल होते.

सिग्नलचा हिशेब निराळा आहे. ते नफ्यासाठी चालत नाही, देणग्यांवर चालते. बाहेरची माहितीही ते जवळजवळ ठेवत नाही. २०१६ साली अमेरिकेत एका तपासासाठी सिग्नलकडे एका खात्याची माहिती मागितली गेली. तेव्हा त्यांना दोनच गोष्टी देता आल्या, खाते केव्हा उघडले आणि शेवटचे केव्हा जोडले गेले. जवळ होते तेवढेच दिले.

टेलिग्रामबद्दल मात्र सावध राहावे. ते जास्त गुप्त आहे अशी समजूत गावोगाव आहे. प्रत्यक्षात टेलिग्रामच्या साध्या निरोपांना आणि ग्रुपना असे दोन टोकांचे कुलूप नसते. ते फक्त खास निवडलेल्या दोघांच्या गुप्त संभाषणाला असते.

जानेवारी २०२१ ची धावपळ

माल म्हणून पाहिला तर सिग्नल उजवे आहे, हे कबूल केले पाहिजे. गाव तिकडे का गेले नाही याचा धडा जानेवारी २०२१ मध्ये मिळाला. व्हॉट्सॲपने नवीन अटी पाठवल्या आणि ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा असे कळवले. देशभर गलका झाला. लोकांनी सिग्नल इतके घेतले की १५ जानेवारीला ते काही काळ बंदच पडले. व्हॉट्सॲपला मुदत १५ मेपर्यंत वाढवावी लागली.

त्या दिवसांत आमच्या भागातील एका डाळिंब गटानेही सिग्नलवर नवा ग्रुप उघडला. गटप्रमुख उत्साही होते, मुलगा शिकलेला होता. पहिल्या दिवशी पंधरा-वीस जण आले, राम राम झाला. तिसऱ्या दिवशी एकाने फळावरील डागाचा फोटो टाकला. ज्यांना तेल्या रोग ओळखता येतो असे दोन जुने बागायतदार व्हॉट्सॲपवरच होते. औषध दुकानदार तिथेच, व्यापारी तिथेच, आणि मीही रोजचा सल्ला तिथेच टाकत होतो. उत्तर न मिळाल्याने त्याने तोच फोटो जुन्या ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत त्याला उत्तर आले. महिन्याभरात नवा ग्रुप ओस पडला. त्यात ॲपचा दोष नव्हता की गटप्रमुखांचाही नव्हता.

वीस गेले तर काय होते?

आकडेमोड केली की हे लगेच समजते. ग्रुपमध्ये २०० माणसे आहेत असे धरू. त्यांच्यात दोघादोघांच्या जोड्या किती होतात? १९,९००. म्हणजे इतक्या वाटांनी माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. आता त्यातले २० जण उठून दुसऱ्या ॲपवर गेले. त्यांच्यात जोड्या होतात फक्त १९०. माणसे गेली शंभरात दहा, पण बोलण्याच्या वाटा मिळाल्या शंभरात एकसुद्धा नाही. जो आधी जाईल त्याचा तोटा आणि जो मागे राहील त्याचे काही बिघडत नाही, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे प्रत्येक जण म्हणतो, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच." एका हाताने टाळी वाजत नाही ती अशी.

आठवडी बाजाराचेही हेच आहे. शेजारच्या गावाने पक्के ओटे बांधले, पाण्याची सोय केली, जागेचे पैसेही घ्यायचे नाहीत असे ठरवले, तरी जुना बाजार हलत नाही. गिऱ्हाईक तिथे जाते कारण विकणारा तिथे असतो, आणि विकणारा बसतो कारण गिऱ्हाईक तिथे असते. ओट्याच्या पक्केपणाला तिथे कोणी विचारत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणे भारतात व्हॉट्सॲप वापरणारे ५३ कोटी होते. एवढा बाजार भरलेला असताना दुसरीकडे पाटी मांडणाऱ्याचे काय होणार?

आपल्याच देशातील 'हाईक' डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाले, काही वर्षे जोरात चालले आणि जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. तमिळनाडूतील झोहो कंपनीच्या 'अरट्टै' ॲपवर सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम झुंबड उडाली. ती स्वदेशीच्या ओढीने उडाली, माहिती जपण्याच्या काळजीने नव्हे. त्या झुंबडीच्या वेळी अरट्टैवर दोन टोकांचे कुलूप फोन-कॉलना होते, लिखित निरोपांना नव्हते. सामान्य माणूस कुलूप तपासून ॲप निवडत नाही, हेच यावरून दिसते.

वाट आधीच पडलेली

याला आणखी काही कारणांची जोड आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले आणि नेट स्वस्त झाले. खेड्यातील पुष्कळ माणसांनी इंटरनेट पाहिले तेच व्हॉट्सॲपच्या रूपाने. २०१८ मध्ये ते बटणांच्या जिओफोनवरही आले. आजही तालुक्याला नवा फोन घेतला की दुकानदार सिमबरोबर व्हॉट्सॲप चालू करूनच हातात देतो. सिग्नल घालून देणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

दुसरे कारण जुन्या ठेव्याचे. तीन वर्षांपूर्वीचा फवारणीचा तक्ता, मोजणीचा फोटो, व्यापाऱ्याने कबूल केलेला भाव, सारे त्या ग्रुपमध्ये पडून असते. फोन बदलला तरी व्हॉट्सॲपवर गूगल ड्राइव्हमधून ते परत येते. सिग्नलवर अशी सोय कित्येक वर्षे नव्हती, ती २०२५ मध्ये येऊ लागली. जे ॲप माहिती इतकी जपते की फोन फुटल्यावर मालकालाही ती परत मिळत नाही, ते शेतकऱ्याला परवडत नाही.

तिसरे कारण आपण शासकीय माणसे. पीक सल्ला, पंचनाम्याची सूचना, बैठकीची वेळ आम्ही व्हॉट्सॲपवर टाकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सॲपवरून देण्यासाठी मेटाबरोबर करार केला. एनआयसीने 'संदेस' नावाचे सरकारी ॲप बनवले आहे, पण शेतकऱ्याच्या फोनमध्ये ते क्वचितच दिसते. लोक जिथे आहेत तिथे शासन जाते आणि शासन जिथे आहे तिथे लोक आणखी पक्के बसतात.

हुकूम असेल तर हलते

मग कोणीच ॲप बदलत नाही का? बदलतात. युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना सिग्नल वापरण्यास सुचवले. स्वित्झर्लंडच्या सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये कामाच्या बोलण्यासाठी थ्रीमा हे स्वदेशी ॲप वापरायला सांगितले. ते विकतचे आहे, त्याचे पैसे सैन्यानेच भरले. या ठिकाणी वरून सांगणारा कोणी होता, सगळे एकदम हलले आणि खर्च संस्थेने सोसला. शेतकरी गटात हुकूम चालत नाही. तिथे येणारा आपल्या खुशीने येतो आणि गैरसोय झाली की निघून जातो. म्हणून "लोकांना आपल्या माहितीची किंमत नाही" असे म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. किंमत आहे, पण एकट्याने मोजून ती भागत नाही.

हीच गोष्ट भारतीय स्पर्धा आयोगानेही धरली. १८ नोव्हेंबर २०२४ च्या आदेशात आयोगाने २०२१ च्या अटी म्हणजे 'घ्या नाहीतर सोडा' असा मामला होता आणि लोकांना दुसरा खरा पर्याय नव्हता, असे ठरवून मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड केला. जाहिरातीसाठी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर पाच वर्षे बंदीही घातली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी मात्र काढली.

मोबाईल कंपन्यांच्या बाबतीत ही गाठ पूर्वीच सुटली. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लागतो आणि जानेवारी २०११ पासून देशभर तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येते. त्यामुळे सोडून जाणाऱ्याचे गणगोत तुटत नाही. सिग्नलवरून व्हॉट्सॲपला असा निरोप जात नाही. युरोपने मोठ्या कंपन्यांना कायद्याने दारे उघडायला लावली असून मार्च २०२४ पासून तिथे ते बंधन लागू आहे. पण सिग्नलनेच आपले कुलूप ढिले पडेल म्हणून त्यात सामील होण्यास नकार दिला. आपल्याकडे असे बंधन अद्याप नाही.

खरी गळती कुठे?

हे सगळे मान्य केल्यावर हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. कारण शेतकऱ्याचे रोजचे नुकसान होते ते कंपनीच्या कचेरीत नव्हे, ग्रुपमध्येच. शेतकरी म्हणतो, "आमचं काय चोरणार? लपवायला आहे काय?" आहे. जमीन आहे, बँकेचे खाते आहे आणि अंगठा आहे.

पीक विम्याच्या दिवसांत कोणताही मोठा ग्रुप उघडून पाहा. सातबारा, आधार कार्ड, पासबुकाचे पहिले पान, सारे फोटो एकाखाली एक टाकलेले असतात. "साहेब, माझं बघा" म्हणून. शेतकऱ्याला वाटते कागद साहेबांना दिला. तो गेलेला असतो पाचशे फोनमध्ये. त्यातले शंभर जण कोण हे ग्रुपच्या ॲडमिनलाही ठाऊक नसते. आमच्या भागात असे कागद ग्रुपवर पडल्यावर काहींना "विमा कंपनीतून बोलतोय, ओटीपी सांगा" असे फोन आले. बोलणाऱ्याला गट नंबर आणि खाते नंबर पाठ होता. पाचशे माणसांच्या ग्रुपमध्ये सिग्नलचे कुलूपही कामाला येत नाही, कारण किल्ल्या पाचशे जणांकडे असतात.

दुसरी गळती फाइलींची. 'पीएम किसान' असे नाव असलेली, शेवटी एपीके ही अक्षरे असणारी फाइल ग्रुपवर येते. दाबली की फोनमध्ये चोर ॲप बसते, बँकेचे ओटीपी त्याच्या हाती जातात. ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून येते म्हणून विश्वास बसतो. प्रत्यक्षात त्याचाही फोन आधीच ताब्यात गेलेला असतो.

गटप्रमुख, ग्रामसेवक, सचिव यांनी करण्याजोगे

बैलबाजार भर उघड्यावर भरतो, पण सौदा रुमालाखाली बोटे धरून होतो. उघड्यावर काय बोलायचे आणि रुमालाखाली काय, ही समज आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. तीच मोबाईलला लावायची.

१) ग्रुपवर कागदपत्र नाही, हा पहिला नियम करावा. कोणी टाकलेच तर ॲडमिनने लगेच काढून टाकावे. ॲडमिनला तसे करता येते. कागद द्यायचा तर प्रत्यक्ष कचेरीत किंवा सेवा केंद्रात द्यावा. आधार पाठवणे भागच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेले 'मास्क्ड आधार' वापरावे.

२) भाव, हवामान, पीक सल्ला अशा एकतर्फी माहितीसाठी ग्रुपऐवजी व्हॉट्सॲपचे 'चॅनेल' उघडावे. ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. त्यात वाचणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

३) ग्रुपची लिंक फलकावर किंवा फेसबुकवर लावू नये. नवीन माणूस ॲडमिनच्या मंजुरीनेच यावा, अशी सोय सेटिंगमध्ये आहे. वर्षातून एकदा यादी वाचून अनोळखी नंबर काढावेत.

४) प्रत्येकाने सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी'त जाऊन 'ग्रुप्स'समोर 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडावे. मग कोणीही परका आपल्याला ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन घालावा.

५) गूगल ड्राइव्हवर जाणाऱ्या प्रतीला वेगळे कुलूप आहे, ते आपण होऊन लावावे लागते. 'चॅट बॅकअप'मध्ये ते सापडते. त्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवावा, विसरला तर प्रत उघडत नाही.

६) एपीके फाइल कोणाकडूनही येवो, उघडू नये. पैसे गेल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

७) ज्यांचे बोलणे खरोखर रुमालाखालचे आहे त्यांनी सिग्नल जरूर घ्यावे. उत्पादक कंपनीचे संचालक विक्रीचा भाव ठरवतात, बचत गटाच्या पदाधिकारी थकबाकीची नावे बोलतात, असे पाच-दहा जणांचे गट. एका बैठकीत सगळ्यांनी फोन हातात घेऊन एकाच वेळी ते चालू करावे आणि ठरलेले बोलणे तिथेच करावे. व्हॉट्सॲप बंद करण्याची गरज नाही. जोड्यांचे गणित इथे आपल्या बाजूने येते, कारण दहाच्या दहा आले की कोणी मागे उरत नाही.

मोठा बाजार आपल्याने हलणार नाही, तो हलवायला कायदा लागेल. पण बाजारात कोणती चीजवस्तू उघडी टाकायची नाही, हे आजपासून ठरवता येते आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. विम्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गटाने एक बैठक घेऊन यातला निदान पहिला नियम ठरावात लिहून घ्यावा आणि तो ग्रुपच्या माहितीत सर्वांत वर ठेवावा. गाव करील ते राव काय करील, ही म्हण इथेही खरी ठरू शकते.